कोकणात चांदीची नाणी ठेवताय? मग या चुका टाळा

घाटावरचा माणूस राणीछाप रुपया कागदात गुंडाळून कपाटात टाकतो आणि कित्येक वर्षांनी काढला तरी तो बऱ्यापैकी तसाच निघतो, पण ते बघून आपल्याकडे तसं करायला जाऊ नका. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे, त्यांचा चांदीवर सिल्व्हर सल्फाईडचा थर बसतो आणि हवा दमट असली की हे काम झपाट्याने होतं. संगमेश्वरजवळच्या तुरळ-राजवाडीच्या गंधकाच्या गरम कुंडात चांदीचं कडं घालून जो उतरलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जो कुजका वास येतो ना, त्यातही हायड्रोजन सल्फाईड हा गंधकाचाच वायू असतो, आणि वर खाऱ्या हवेतलं मीठ आहेच. म्हणजे किनाऱ्याजवळ घर असेल तर जून ते सप्टेंबर तुमच्या नाण्यांवर तिन्हीकडून मारा चालू असतो.

पण खरं सांगू का, कोकणातली जी खराब झालेली नाणी बघायला मिळतात त्यातली बरीचशी समुद्राने खराब केलेली नसतात, ती ज्यात ठेवलीत त्या वस्तूने खराब केलेली असतात.

सगळ्यात वाईट म्हणजे मऊ प्लास्टिकचे स्वस्त अल्बम. नवीन असताना रेनकोटसारखा उग्र वास मारणारं, वाकवलं की मऊ लागणारं प्लास्टिक म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी. त्यात मऊपणासाठी घातलेलं रसायन हळूहळू बाहेर पाझरतं, प्लास्टिक जुनं झालं की आम्लही सुटतं, आणि नाण्यावर एक हिरवट चिकट थर येतो. भिंगाखाली बघा, तो आधी खोलगट जागी साठतो, राणीच्या केसांच्या वेण्यांत, अक्षरांच्या कोपऱ्यात, आणि बोटाला किंचित तेलकट लागतो. हे दिसलं की त्याच दिवशी नाणं बाहेर काढा, कारण तो थर खाली धातू खात जातो. उपाय म्हणजे शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, आसपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसताना नाणं थोडा वेळ बुडवून ठेवा, घासू नका, मग नवीन ॲसिटोनमध्ये एकदा खळबळून डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि मऊ सुती कापडाने नुसतं टिपून घ्या. ॲसिटोनने चांदीला काही होत नाही. धातू आधीच खाल्ला गेला असेल तर मात्र तो खड्डा भरून येणार नाही.

दुसरी चूक रबरबँड. रबरात गंधक असतं, त्यामुळे पाकिटावरून गुंडाळलं तरी आतल्या नाण्यावर बरोबर त्या जागी काळी रेघ उमटते. तसंच वर्तमानपत्र, लोकरीचं कापड, मखमली डबी, सराफाकडचा गुलाबी कागद (ओल लागली की रंग सोडतो), हे सगळं घरी आणेपर्यंत ठीक, कायमचं नको. आणि नाणी स्वयंपाकघराजवळच्या फडताळात कशाला ठेवायची? तिथे अंडी, कांदे-लसूण, वर सुकट आणि सोड्यांचा डबा. डांबरगोळ्याही त्याच कप्प्यात टाकू नका.

मग ठेवायचं कशात? मायलर म्हणजे पॉलिएस्टर, नाहीतर पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं, किंवा त्या मापाची ॲक्रिलिकची गोल कॅप्सूल. ती सगळी एका घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि गंधक शोषणारी अँटी-टार्निश पट्टी.

आता इथे एक गोष्ट जवळजवळ सगळे चुकतात. डबा ऐन जुलैत भरतात. पावसात हवाबंद केलात तर दमट हवाच आत कोंडली जाते. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या दुपारी करा. आणि सिलिका जेल एकदा टाकून विसरायची वस्तू नाही, पावसाळ्यात सारखं बघायला लागतं, निळ्याची गुलाबी किंवा नारिंगीची हिरवी झाली की तिचं काम संपलं. मंद आचेवर तापवून ती परत वापरता येते, पण निळीत कोबाल्ट क्लोराईड असतं म्हणून भाकरीचा तवा घेऊ नका, जुनं भांडं वेगळं ठेवा. डब्यात छोटं आर्द्रतामापक टाकलंत तर उत्तमच, काटा पन्नासच्या खाली असला म्हणजे झालं.

सगळी नाणी सारखी वागत नाहीत हेही लक्षात असू द्या. व्हिक्टोरियाच्या रुपयात 91.7 टक्के चांदी आहे, पण 1940 ते 1945 च्या रुपयात निम्मीच, बाकी बरंचसं तांबं, त्यामुळे तो लवकर तपकिरी पडतो आणि हिरवा डागही धरतो. 1969 चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं 80 टक्क्यांचं. आणि कोणाच्या घरात दाभोळच्या टांकसाळीची लारी असेल, ती दुमडलेल्या तारेसारखी, तर तिच्या घडीत मीठ आणि ओल अडकून बसते. ती जाणकाराला दाखवल्याशिवाय ओलीसुद्धा करू नका.

आता साफसफाई. चिंच, टूथपेस्ट, सिल्व्हर डिप (चांदी बुडवून चमकवायचं रसायन), मीठ-सोडा-फॉइलचा जुगाड, हे पूजेच्या निरांजनाला करा, नाण्याला अजिबात नको. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात, डिपने वरचा थर जाऊन नाणं मेलेलं पांढरं दिसतं, आणि संग्राहक ते बघताक्षणी ओळखतो, किंमत पडते ती पडतेच. सारखा बसलेला निळसर-सोनेरी किंवा करडा थर खराबी नाहीच, उलट त्यालाच लोक जास्त पैसे देतात. लक्ष्मीपूजनाला जुनी नाणी मांडायची परंपरा मोडायला मी सांगणार नाही, पण पंचामृत आणि हळद-कुंकू हल्लीच्या लक्ष्मीछाप नाण्यावर वाहा, शंभर वर्षांचा रुपया कॅप्सूलसकट पाटावर ठेवा, बाहेर फटाक्यांचा गंधकाचा धूर असतोच. हातात घ्यायचंच झालं तर कडेला धरून.

गावचं घर गणपतीपर्यंत बंद राहणार असेल तर नाणी तिथल्या पेटाऱ्यात सोडून मुंबईला जाऊ नका, लॉकरमध्ये ठेवा. फक्त एसीतला लॉकर असेल तर तिथून आणलेला डबा घरी आल्या आल्या उघडायचा नाही, गार धातूवर दमट हवा लागली की लगेच पाणी धरतं. तसाच बंद दोन-तीन तास राहू द्या, खोलीइतका कोमट झाला की मग उघडा.