हातबांधणीच्या वह्या घरून करून विकायच्यात? मग हे बघा

गणपती झाले की मेसेज सुरू होतात, ताई मलापण हॅन्डमेड वह्या करायच्यात, कोर्स कुठला करू, सामान कुठून आणू, महिन्याला किती सुटतात. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. कोर्सचं नंतर बघा, व्हिडिओ ढिगाने आहेत आणि फुकट आहेत, ते बघून वही बांधता येते. वही बांधणं त्यामानाने सोपंच आहे हो. आपल्याला एका वहीला नक्की किती वेळ लागतो ते न लाजता मोजणं, तिथे बहुतेक जण गडबडतात, आणि मग वर्षभर राबून हातात काहीच उरत नाही म्हणून बंद करतात.

तर सुरुवातीला एकच डिझाईन घ्या. एकच साईज, एकच टाका. मी सांगेन एफाईव्ह (A5, म्हणजे एफोर कागदाच्या निम्मी) साईजची कॉप्टिक वही. कॉप्टिक म्हणजे कण्यावर, पानं शिवतात त्या कडेला, साखळीसारखा टाका उघडा दिसतो ती, इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती लोकांची पद्धत, दीडेक हजार वर्षांहून जुनी, आणि ती उघडली की टेबलावर एकदम सपाट बसते म्हणून चित्रं काढणाऱ्यांना फार आवडते. ही एकच वही परत परत करा, कंटाळा येईपर्यंत करा. पहिलीला अख्खी दुपार जाते, पुढे हात बसला की किती वेळ लागतो तो तुमचा खरा वेळ, आणि पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे. सुरुवातीलाच वही, बुकमार्क, कानातले, रेझिनचे कीचेन असं सगळं एकदम काढलं की कशातच हात बसत नाही, सामान मात्र घरभर होतं.

आता कागद. इथे जरा थांबून वाचा कारण बाकी सगळं सुधारता येतं, हे नाही. मिलच्या कागदाला ग्रेन असतो. मशीनवर लगदा पुढे पळत असतो ना, त्यामुळे तंतू त्या दिशेने झोपतात, आणि कागद त्या दिशेने सहज वळतो, उलट दिशेने अडतो. ओलाव्याने कागद फुगतो तोही ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त. म्हणून वहीत ग्रेन कायम कण्याला समांतर पाहिजे. उलटा गेला तर घडी कडकडते, पानं लाटा मारतात, वही मिटून राहत नाही, आणि पावसाळ्यात तर ती आपली आपणच उघडून बसते.

गंमत अशी की बाजारातला एफोर कागद साधारणपणे लांब बाजूला समांतर ग्रेनचा असतो, तो मधे दुमडून एफाईव्ह केला की ग्रेन कण्याला आडवा येतो, म्हणजे नेमका चुकीचा. आणि घरी करणारे सगळे हेच करतात! उपाय सोपाय, लांब ग्रेनचा एथ्री घ्या, ४२० मिलीमीटरची बाजू मधोमध कापा, दोन एफोर मिळतील ज्यांचा ग्रेन आखूड बाजूला समांतर आहे, ते दुमडा, झालं. कुठला ग्रेन आहे ते बघायला कागद न मोडता हलकेच दोन्हीकडून वाकवून बघा, जिकडून मऊ वाकतो त्या वळणाला ग्रेन समांतर. तरी कळत नसेल तर चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करा, तो गुंडाळी होतो, त्या गुंडाळीची नळी ज्या दिशेला तो ग्रेन. पुठ्ठ्यालापण ग्रेन असतो, तोही तसाच ठेवायचा.

हातकागदाला हा ताप जवळपास नसतो कारण तो साच्यावर एकेक ताव उचलून काढतात, तंतू सगळीकडे पसरलेले असतात. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, सुती चिंध्यांपासून कागद करतात, एकदा जाऊन तो कागद हातात घेऊन बघाच. आपल्याकडे ही कला जुनीच आहे, दौलताबादजवळचं कागजीपुरा गाव त्यावरूनच, आणि पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरापण. पण हातकागद महाग आणि खरखरीत, आत लिहायला सगळ्यांना चालत नाही, मी तो कव्हरच्या आतल्या अस्तराला वापरते. आतल्या पानांना १०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटरचं वजन १०० ग्रॅम) साधा पण चांगला कागद पुरतो. दुकानात जाताना शाईचं पेन घेऊन जा आणि तुकड्यावर लिहून बघा, शाई फुटली तर तो कागद सोडा, दुकानदार काहीही म्हणू दे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात फिरा, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीट. ऑनलाईन पहिला कागद कधीच घेऊ नका, हात लावल्याशिवाय कागद कळत नाही.

बांधणीचं थोडक्यात सांगते. चार ताव एकात एक दुमडले की एक जुज, म्हणजे सोळा पानं दोन्ही बाजू मोजून. असे आठ जुज घ्या, १२८ पानांची वही होते. भोकं टोच्याने पाडायची, जाड जुनं मासिक मधे उघडून त्याच्या घडीत जुज ठेवला की टोचा बरोब्बर घडीतच उतरतो. भोकांचं माप एका पट्टीवर काढून ठेवा आणि प्रत्येक वहीला तीच पट्टी. दोरा मेण लावलेला लिननचा, लांबी वहीची उंची गुणिले जुज अधिक थोडा जास्त, म्हणजे ह्या वहीला दोन मीटर धरा, मधे गाठ मारायला लागत नाही. आणि दोरा ओढताना कायम घडीच्या रेषेत ओढायचा, शिवताय त्या दिशेला. वर खेचला की कागद भोकापासून फाटतो, टर्र असा आवाज येतो आणि आपलं काळीजपण तसंच होतं. टाका किती ताणायचा हे कोणी सांगू शकत नाही, जुज एकमेकांना टेकले पाहिजेत आणि तरी वही उघडताना कुरकुरली नाही पाहिजे, दहाबारा वह्यांनंतर बोटांना आपोआप कळतं. करंगळीला टेप लावा, मेणाचा दोरा कापतो.

कव्हरला कापड लावणार असाल तर नुसतं कापड पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवू नका, गोंद आरपार येतो आणि डाग पडतो. आधी कापडाच्या मागे पातळ कागद खळीने लावून वाळवा. खळ म्हणजे आपली मैद्याची, पातळ शिजवलेली. जुने बाईंडर त्यात किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, पण तो विषारी आहे, घरात लहान मुलं असतील आणि स्वयंपाकाच्या पातेल्यात खळ करत असाल तर अजिबात नको, रोज थोडी ताजी करा. बाहेरून कापड लावलं की पुठ्ठा त्या बाजूला वाकतो, आतून अस्तर लावलं की परत सरळ येतो, म्हणून दोन्ही लावून झाल्यावर रात्रभर वजनाखाली. घरातला पाटा-वरवंटा इथे कामाला येतो, मिक्सरमुळे नाहीतरी पडूनच असतो.

खणाच्या वह्यांबद्दल एक बोलू का, राग मानू नका. गुळेदगुड्डचा खण सुंदरच असतो पण आता प्रदर्शनात पाच स्टॉल सोडले की सहावा खणाच्या वह्यांचा असतो, तोच जांभळा आणि तीच हिरवी किनार. शिंप्याकडे बाकीचे इतके तुकडे पडलेले असतात, शर्टाच्या रेघा, आजीच्या लुगड्याचा विरलेला भाग, छत्रीचं कापडसुद्धा. तुमची वही लांबून बघून तुमची आहे हे कळलं पाहिजे, आणि ते पिंटरेस्टवरून उचलून होत नाही.

आता पैसे. समजा कागद ६० रुपये, पुठ्ठा १५, कापड ४०, दोरा-गोंद १०, पॅकिंग २५, झाले १५०. वेळ दोन तास, तासाला १५० जरी धरले (कमीच आहेत) तरी ३००. वीजबिल, सुया-ब्लेड, प्रदर्शनाला जायचं भाडं, खराब झालेल्या वह्या, ह्या सगळ्याचे वहीमागे ५० टाका. म्हणजे ५०० ला वही तुम्हाला पडली, अजून नफा नाही. आता ती तुम्ही ७०० ला ठेवली आणि दुकानात दिली, दुकानवाल्याने ३५ टक्के घेतले, तुमच्या हातात ४५५. म्हणजे प्रत्येक वहीमागे ४५ रुपये तुम्हीच घालताय! ८०० ला ठेवली तर ५२० हातात येतात, तेव्हा कुठे वीस रुपये सुटतात. हा हिशोब न करता लोक दुकानात माल देतात आणि खपला म्हणून खूश होतात. आणि घरून विकताना ५५० आणि दुकानात ८०० असंपण करू नका, गिऱ्हाईकाला कळतं आणि दुकानवाला पुढच्या वेळी माल ठेवून घेत नाही. किंमत एकच, सगळीकडे.

वेळ धरताना नुसता शिवायचा वेळ नाही, कागद कापणं, फोटो काढणं, ‘उपलब्ध आहे का’, ‘प्राईस प्लीज’ ह्या मेसेजना उत्तरं देणं, कुरियरला जाणं, सगळं धरायचं. आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवा, बघा कसे डोळे फिरतात ते. बहुतेकांचा निम्मा वेळ बांधणीच्या बाहेरच जातो.

एवढ्याश्या वहीला आठशे? हे ऐकायची तयारी ठेवा. प्रदर्शनात काकू वही उलटसुलट करून म्हणणार, आमच्या चौकात चाळीसला मिळते. भांडू नका आणि किंमत पण कमी करू नका, वही सपाट उघडून त्यांच्या हातात द्या. काही घेतात, काही नाही घेत. स्टॉलवर सुई-दोरा घेऊन अर्धवट वही शिवत बसा, लोक थांबतात, मुलं तर हमखास थांबतात आणि मग आईबाबांना थांबावंच लागतं. स्टॉलचं भाडं किती आणि ते वसूल व्हायला किती वह्या खपायला लागतील हे फॉर्म भरायच्या आधी काढा. वर सांगितलेल्या वहीवर थेट विक्रीत ३०० सुटतात, म्हणजे दोन दिवसांचं भाडं सहा हजार असेल तर वीस वह्या गेल्या की तुम्ही नुसते शून्यावर आलात. क्यूआर कोड छापील ठेवा, हॉलमधे रेंज नसते तेव्हा सुट्टे पैसेपण ठेवा.

कस्टम ऑर्डर चांगली असते पण तीच खाऊन टाकते. निम्मे पैसे आधी, त्याशिवाय कागदाला कात्री लावायची नाही, मावसबहीण असली तरी. नाव टाकायचं असेल तर ते त्यांच्याकडून टाईप करून घ्या, फोनवर ऐकून लिहू नका, लग्नाच्या वहीवर ऋजुता की रुजुता ह्यावरून तुमचा पुठ्ठा वाया जातो. शंभर वह्या दहा दिवसांत पाहिजेत असं कंपनीवाले सांगतात, दोन तासांच्या हिशोबाने ते दोनशे तास होतात, दिवसाला वीस, तेव्हा हो म्हणायच्या आधी गुणाकार करा. तारीख पुढची द्या नाहीतर सोपा टाका सुचवा. नाही म्हटलेलं पण चालतं, परत येतात ते.

आणि ह्या सगळ्यात तुमचं स्वतःचं काहीतरी करायचं राहतं. त्याला कॅलेंडरमधे जागा लागते, उरलेल्या वेळात होत नाही, वेळ उरतच नाही. मी सकाळचा पहिला तास कुठल्याच ऑर्डरला देत नाही, त्यात नवीन टाका, वेडंवाकडं माप, गोंदात रंग घालून कागद रंगवणं असले प्रकार. त्यातलं बरंचसं टाकाऊ निघतं. पण पुढच्या वर्षीची वही तिथूनच येते, आणि त्या तासातलं काहीही लगेच इन्स्टावर टाकू नका, लाईक बघून हात तिकडेच वळतो.

कागदपत्रांचं लवकर उरकते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या वेबसाईट सरकारी नसतात. महाराष्ट्रात मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण परराज्यात माल पाठवायला लागलात किंवा मोठ्या ऑनलाईन बाजारात गेलात की नियम बदलतात, तेव्हा सीएला विचारा, ग्रुपवर विचारू नका. कामाचं बँक खातं वेगळं ठेवा. दुकानात माल ठेवायला देताना किती नग, काय किंमत, पैसे कधी, हे लिहून सही घ्या, ओळखीचं दुकान असेल तर आधी घ्या.

वर्षाचं गणित असं बसवा. पावसाळ्यात कापडाचं आणि गोंदाचं काम वाळत नाही, कव्हरला बुरशी येते, म्हणून जून ते ऑगस्ट कागद कापून, दुमडून, जुज करून वजनाखाली बांधून ठेवा, तयार वह्यांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. कव्हरं ऊन पडायला लागलं की. दिवाळीच्या ऑर्डर कधी बंद ते नवरात्रातच जाहीर करून टाका, आणि एकदा बंद म्हटलं की बंद, धनत्रयोदशीला फोन करून एकच पाहिजे हो म्हणणाऱ्यांसाठी दोनचार वह्या जास्तीच्या करून कपाटात ठेवायच्या, पूर्ण किमतीला.