पोर्सेलिनखालचं मेटल निवडताना

मी दातांच्या लॅबमध्ये सिरॅमिस्ट आहे. मेटलच्या कोपिंगवर, म्हणजे दातावर बसणाऱ्या पातळ टोपीवर, दाताच्या रंगाचं पोर्सेलिन चढवणं हे माझं रोजचं काम. क्राउनची (एका दातावरची टोपी) किंवा ब्रिजची (आधाराच्या दातांवर बसणारे जोडलेले दात) केस आली की सगळे आधी विचारतात, मेटल कुठलं? मी विचारते, पोर्सेलिन कुठलं? ते ठरल्याशिवाय मेटलच्या डबीला हात लावत नाही.

ही सवय एका ब्रिजने लावली. पुढच्या चार दातांचं काम होतं. पोर्सेलिन नवं आणलेलं, मेटल मात्र आधीचंच. ग्लेझनंतर (चकाकीसाठीच्या शेवटच्या भाजणीनंतर) ब्रिज सुरेख दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर एका दाताच्या मानेपासून कडेपर्यंत केसाएवढा तडा. पोर्सेलिन काढून पुन्हा चढवलं, भाजलं; पुन्हा तडा. तेव्हा कुठे दोन्हींची माहितीपत्रकं शेजारी ठेवून वाचली.

औष्णिक प्रसरणाचा आकडा मेटलचा थोडा जास्त हवा, पोर्सेलिनचा थोडा कमी. साधारणपणे मेटल १३.५ ते १४.५ आणि पोर्सेलिन १३ ते १४, दोघांत ०.५ च्या आसपास फरक. (माप दर अंशाला लांबीच्या दहा लाखाव्या भागात.) थंड होताना मेटल किंचित जास्त आकसतं आणि पोर्सेलिनला आवळून धरतं. पोर्सेलिन दाब चांगला सोसतं, ताण सोसत नाही. माझ्या ब्रिजमध्ये नेमकं उलटं झालं होतं. आकडे ताडताना तापमानाची कक्षाही बघा. एक आकडा २५ ते ५०० अंशांचा आणि दुसरा २५ ते ६०० अंशांचा असेल, तर ती तुलना फसवी ठरते.

मग ब्रिजची लांबी. एकट्या क्राउनला बहुतेक मेटल चालतात. पण आधाराच्या दातांमधलं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच जोराखाली ब्रिज आठपट वाकतो, आणि कनेक्टरची (दोन दातांमधल्या जोडाची) उंची निम्मी केली तरी आठपटच. मेटल वाकलं की वरचं पोर्सेलिन उडतं. निकेल-क्रोम आणि कोबाल्ट-क्रोम सोन्याच्या मेटलच्या (मिश्रधातूच्या) जवळजवळ दुप्पट ताठ असतात, म्हणून लांब ब्रिजला आणि जागा कमी असेल तिथे मी कोबाल्ट-क्रोमकडे वळते. त्याचं कोपिंग ०.३ मिलिमीटरपर्यंत पातळ ठेवता येतं. सोन्याला त्याहून जाड लागतं. मेटल वितळायला लागण्याचं तापमानही पोर्सेलिन भाजण्याच्या तापमानापेक्षा बरंच वर हवं, नाहीतर लांब ब्रिज भट्टीतच स्वतःच्या वजनाने खाली झुकतो.

सोन्याचं मेटल मला अजूनही प्रिय आहे. कास्टिंग नेमकं येतं, मार्जिन (दाताला टेकणारी कड) छान बसतं, फिनिशिंगला हात दुखत नाहीत. त्यात थोडं टिन, इंडियम किंवा लोखंड असतं. त्यांच्या पातळ ऑक्साइडला पोर्सेलिन चिकटतं. बेस मेटलवर (निकेल-क्रोम, कोबाल्ट-क्रोमसारख्या) हाच थर जाड आणि काळपट होतो, म्हणून ऑक्सिडेशनचा (हा थर येण्यासाठी मेटल तापवण्याचा) वेळ तंतोतंत पाळावा लागतो. पॅलेडियम-सिल्व्हर वापरणार असाल तर पोर्सेलिन चांदीमुळे हिरवट पडत नाही ना, हे उत्पादकाला विचारून घ्या.

‘सेमी-प्रेशस’ या शब्दावर विसंबू नका, मौल्यवान धातूंची टक्केवारी मागा. सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियम वगैरे मिळून किमान ६० टक्के आणि त्यात सोनंच किमान ४० टक्के असेल, तर ते हाय नोबल. नोबलसाठी एकूण किमान २५ टक्के. चांदी या हिशेबात धरत नाहीत.

निकेलच्या ॲलर्जीबद्दल मात्र मी अडून बसते. खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ येतं का, हे डॉक्टरांनी पेशंटला विचारायलाच हवं. उत्तर ‘हो’ असेल तर निकेल-क्रोम बाद. आणि बेरिलियम: काही निकेल-क्रोममध्ये ते दोन टक्क्यांच्या आसपास असायचं, कारण त्याने कास्टिंग सोपं जातं. पण ग्राइंडिंगची ती धूळ छातीत गेली तर फुप्फुसांचा कायमचा आजार होऊ शकतो. आयएसओ २२६७४ या मानकानुसार मर्यादा ०.०२ टक्के आहे. डबीवर बेरिलियममुक्त असं लिहिलेलं नसेल तर मी ती परत पाठवते. आमच्या बाकावर नवीन मुलं बसतात.

मेटल ठरलं की प्रत्येक प्रकाराला वेगळं क्रुसिबल (मेटल वितळवायचं भांडं) ठेवा, आणि मेटलचं नाव व लॉट नंबर केसच्या स्लिपवर लिहून डॉक्टरांना द्या. दहा वर्षांनी तो क्राउन काढायची वेळ आली, तर पेशंटच्या तोंडात काय आहे ते त्या ओळीवरूनच कळेल.