वासराच्या हगवणीपासून कोरोनाच्या उगमापर्यंत

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला लागलो, तेव्हा कोरोना विषाणू म्हणजे 2019 नंतरचे प्रकरण, अशीच माझी समजूत होती. ती मोडली आरे कॉलनीतल्या एका तबेल्यात. जेमतेम दोन आठवड्यांच्या वासराला पिवळसर, पाण्यासारखी हगवण लागली होती आणि तिच्यामागे गुरांचा कोरोना विषाणू असू शकतो, असे मार्गदर्शक बाईंनी सांगितले. माणसाला साधी सर्दी देणारा ओसी43 हा याच विषाणूचा जवळचा नातलग. दोघांच्या जनुकांची तुलना करून ओसी43 गुरांकडून माणसात आला असावा, असे मानले जाते.

त्या दिवशी भर पावसात नमुन्याच्या नळीवरच्या चिठ्ठीची शाई उतरली, नमुना कोणत्या वासराचा हे कळेना, आणि तो टाकून द्यावा लागला. तेव्हापासून मी चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहितो. नव्याने येणाऱ्यांना हे क्षुल्लक वाटेल, पण या विषयातील सगळा वाद कोणता प्राणी, कुठला आणि केव्हाचा, याच प्रश्नांवर उभा असतो.

सार्स या कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या श्वसनरोगाचेच पाहा. 2003 मध्ये चीनमधल्या शेनझेनच्या बाजारातील उदमांजरांच्या जातकुळीतल्या प्राण्यांत तो विषाणू सापडला आणि दोष त्यांच्या माथी आला. परंतु बाजारातल्या बहुतेक प्राण्यांच्या रक्तात प्रतिपिंडे (विषाणूची लागण होऊन गेल्याची खूण असलेली प्रथिने) असताना, ज्या पालनकेंद्रांतून ते येत तिथल्या प्राण्यांत ती जवळजवळ नव्हतीच. म्हणजे लागण वाटेत किंवा बाजारात झाली होती, आणि मूळ घर दुसरीकडेच होते. 2005 मध्ये चीनमधील घोड्याच्या नालासारखे नाक असलेल्या वटवाघळांत सार्सचे जवळचे विषाणू मिळाले. मला हा पुरावा या विषयातला सर्वांत शिकवणारा वाटतो.

मर्स या श्वसनरोगाचा कोरोना विषाणू 2012 मध्ये सौदी अरेबियात ओळखला गेला, पण सोमालिया आणि सुदानमधील उंटांच्या 1983च्या सुमारास जपून ठेवलेल्या रक्तद्रवातही त्याची प्रतिपिंडे आढळली. कोणीतरी त्याच्या सुमारे तीस वर्षे आधी नळ्यांवर नीट नोंदी केल्या होत्या, म्हणूनच हे समजले.

कोविडच्या विषाणूशी जनुकक्रमात सुमारे 96 टक्के जुळणारा विषाणू वटवाघळात सापडला, तरी उरलेल्या चार टक्क्यांत अनेक दशकांची उत्क्रांती दडलेली असते. त्यामुळे टक्केवारी पाहून थेट पूर्वज ठरवू नका. पहिल्या सत्रात जनुकक्रम जुळवण्याआधी प्रतिपिंडांची चाचणी स्वतःच्या हाताने करायला शिका.