मॉडेल एकच, सेन्सर वेगळा: ऑक्सिजन सेन्सर बदलताना या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरने ऑक्सिजन सेन्सरकडे (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) बोट दाखवलं, की पार्टच्या दुकानात दोनच प्रश्न येतात. गाडी कुठली? साल कुठलं? लगेच खोका काउंटरवर. ही गाडी मुळात कुठल्या भागासाठी बनली होती, हे कोणी विचारतच नाही.

अमेरिकेतल्या टोयोटा कॅमरीवर या न विचारलेल्या प्रश्नाने भल्याभल्या मेकॅनिकना फिरवलं आहे. कॅलिफोर्नियाचे प्रदूषणाचे नियम तिथल्या केंद्र सरकारपेक्षा कडक. म्हणून १९९७ च्या सुमाराच्या चार सिलिंडरच्या कॅमरीत, कॅलिफोर्नियासाठीच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणारा डबा) आधी एअर-फ्युएल रेशो सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा) आणि इतर राज्यांसाठीच्या गाडीला साधा ऑक्सिजन सेन्सर.

दिसतो सारखा, म्हणून बसवला

दोघांना चार-चार वायरी, अंगकाठीही जवळपास तीच. पण साधा सेन्सर साधारण ४०० अंशांवर काम करतो, दुसऱ्याला ६५० च्या आसपास तापावं लागतं. त्यामुळे आतला हीटर वेगळा. बसवण्याआधी मल्टिमीटर लावा: थंड असताना टोयोटाच्या साध्या सेन्सरचा हीटर ११ ते १६ ओहम दाखवतो, एअर-फ्युएलचा जेमतेम ०.८ ते १.४. दोन मिनिटांचं काम आहे, तरी करत नाहीत. मग चुकीचा सेन्सर बसला, की पी११३५ हा हीटरचा कोड येतो, नाहीतर पी०१२५. हा दुसरा फारच फसवा. त्याचा शब्दशः अर्थ 'कूलंट पुरेसं गरम नाही', म्हणून लोक बिचारा थर्मोस्टॅट बदलून मोकळे होतात.

आकडे एकाच फूटपट्टीने मोजले

साध्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होतं. वर गेलं की मिश्रण रिच, म्हणजे त्यात इंधन जास्त. टोयोटाच्या एअर-फ्युएल सेन्सरचं नेमकं उलटं. मिश्रण बरोबर असेल तर ३.३ व्होल्ट, त्याच्या वर गेलं की लीन, म्हणजे इंधन कमी. त्यातून त्या काळातले साधे स्कॅनर हा आकडा पाचाने भागून दाखवायचे. ०.६६ वर स्थिर काटा पाहिला, की मेकॅनिकचा निकाल तयार: 'रिचवर अडकलाय, सेन्सर गेला.' प्रत्यक्षात सेन्सर ठणठणीत.

राहत्या पत्त्यावरून पार्ट मागवला

सॅन होजेला राहता म्हणून गाडी कॅलिफोर्नियाचीच असेल असं नाही. आधीच्या मालकाने ती टेक्सासहून आणलेली असू शकते. बॉनेटखाली प्रदूषण नियमांचं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं खरं धरा.

आपल्याकडेही हा घोळ होऊन गेला आहे. २०१० पासून बीएस-४ (भारत स्टेज ४, प्रदूषणाचं मानक) लागू झालं ते आधी तेराच शहरांत, त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर. पूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ ला आलं. मधल्या वर्षांत तेच मॉडेल पुण्यात बीएस-४ आणि शेजारच्या जिल्ह्यात बीएस-३ मिळू शकायचं. भरीला एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखण्याची यंत्रणा) आलं. त्यात कन्व्हर्टरवरही नजर ठेवायची असल्यामुळे त्याच्या नंतर दुसरा सेन्सर लागतो. तेव्हा सेकंडहँड बीएस-३ गाडीत तो दिसला नाही, तर 'कोणीतरी काढून विकला' असा आरोप करण्याआधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचं बीएस मानक बघून घ्या.

जुन्या सेन्सरवरचा नंबर जुळवणं चांगलंच, पण त्यावरही डोळे झाकून विसंबू नका. आधीच्या मालकाने आधीच चुकीचा बसवलेला असेल तर तुम्ही तीच चूक नव्या पैशांनी विकत घ्याल. चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घेणं जास्त खात्रीचं.

आणि कप्लर (वायरी जोडायचा प्लग) बसत नसेल, तर तो कापून वायरी जोडण्याचा जुगाड नको. कंपनीने कप्लर बरेचदा मुद्दामच वेगळा दिलेला असतो. शिवाय बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतल्या पोकळीतूनच मिळते. तिथे सोल्डर ओतलं, की हवेची वाट बंद आणि नवा कोरा सेन्सरही चुकीचं रीडिंग देऊ लागतो.