झुडुपं आणि हिरवं कुंपण: कडाका, वादळ आणि कडक उन्हाआधीच्या तयारीची यादी

हवामानाचा इशारा आला की बहुतेकांचा पहिला हात जुन्या चादरींकडे जातो. चादर लागेल, पण या यादीत तिचा नंबर बराच खाली आहे. थंडीत, वादळात किंवा उन्हाच्या तडाख्यात झुडूप दगावतं, तेव्हा पुष्कळदा घोळ आधीच मुळाशी झालेला असतो. माती ठणठणीत कोरडी असते, नाहीतर पाणी साचून मुळं गुदमरलेली असतात, नाहीतर अवेळी खत घालून आपणच कोवळी पालवी फोडून ठेवलेली असते. म्हणून मातीची कामं आधी, वरच्या पांघरुणाची नंतर.

कागद-पेन्सिल घेऊन एकदा बागेत फेरी मारा आणि तीन गोष्टी टिपा: जोराचा वारा कोणत्या बाजूने येतो, पावसानंतर पाणी कुठे थांबतं आणि थंडी कुठे साचते. थंड हवा जड असते. उतारावरून ती खाली सरकते आणि खोलगट जागी मुक्काम ठोकते. उताराला आडवं घातलेलं दाट कुंपण तिला अडवतं, त्यामुळे कुंपणाच्या वरच्या अंगाला बाकी बागेपेक्षा जास्त गारठा जाणवतो. तिथे नाजूक झुडूप असेल तर त्याच्या नावापुढे खूण करा. छताच्या वळचणीखालची जागाही नोंदवा. भर पावसातही तिथली माती कोरडी राहू शकते आणि बघणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. पूर्वेकडून थेट ऊन येणारा कोपराही बघा. रात्री गोठलेल्या कळ्यांवर सकाळचं ऊन एकदम पडलं की त्या झपाट्याने वितळतात आणि त्यांचं नुकसान वाढतं. कॅमेलियाच्या कळ्या अशाच तपकिरी होऊन गळतात.

आता कोणाला जपायचं ते ठरवा. सगळ्यांना वाचवायचा हट्ट धरला तर कोणाचंच धड होत नाही. यादीत सगळ्यात वर यावीत ती गेल्या वर्षभरात लावलेली झाडं, कारण त्यांची मुळं अजून लावलेल्या खड्ड्याबाहेर फारशी गेलेली नसतात. त्यांच्या खालोखाल कुंड्या. मग जास्वंद, क्रोटन, बोगनवेलीसारखी उष्ण हवेतली मंडळी, ज्यांना गोठणारी थंडी मानवत नाही. मोठ्या गोल गुच्छांच्या हायड्रेंजियाची गोष्ट वेगळी आहे. झाड थंडीतून तरतं, पण फुलांच्या कळ्या आदल्या हंगामातल्या फांद्यांवर आधीच तयार झालेल्या असतात. कळ्या गोठल्या तर झाड हिरवंगार राहतं आणि वर्षभर फूल मात्र देत नाही. फुलं हवी असतील तरच त्याला झाका. बरीच वर्षं एका जागी रुजलेलं आणि तिथल्या हवेला सरावलेलं कुंपण असेल, तर त्याला पाण्यापलीकडे फारसं काही लागत नाही.

खत आणि कात्री थंडीच्या सहा ते आठ आठवडे आधी थांबवा. खतातलं नत्र (नायट्रोजन) दिलं की झाड कोवळे कोंब काढतं, छाटलं तरी काढतं. या कोंबांना घट्ट व्हायला वेळ मिळाला नाही तर पहिल्याच गारठ्यात ते काळे पडतात. थंडी झाडाला मारते कशी, तेही समजून घेण्यासारखं आहे. बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजे गारठलेलं झाड एका अर्थाने वाळत असतं. जुन्या, पक्व फांदीला हे बरंच सोसतं, कोवळ्या कोंबाला नाही. उन्हाळ्यातही कात्रीला आवर हवा. भर तापात कुंपण खोल कापलं की सावलीत वाढलेली आतली पानं एकदम उन्हात येतात आणि करपतात. कापायचंच असेल तर ढगाळ दिवस बघून वरवर कापा.

आकाराकडेही याच वेळी लक्ष द्या. कुंपण खाली रुंद आणि वर निमुळतं हवं. बरेच जण उलटं करतात, कारण वरचा भाग जोमाने वाढतो आणि कात्री खालपर्यंत पोचायचा कंटाळा येतो. माथा रुंद झाला की खालच्या फांद्यांना उजेड मिळत नाही, कुंपण बुडाशी विरळ होतं आणि बर्फ पडत असेल तर तो माथ्यावर साठून फांद्या फाकवतो. वादळाच्या हंगामाआधी सुकलेल्या, चिरलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, म्हणजे वारा आरपार जायला वाट होते.

आता माती. पहिली परीक्षा निचऱ्याची. कुंपणाजवळ, मुळं न तोडता, हातभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या भरण्याचं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर निचरा नाही असं समजा. मुळांना हवा लागते. पाणी भरून राहिलेल्या मातीत ती मिळत नाही, मुळं कुजायला लागतात आणि वर पानं सुकलेली दिसतात. इथे गंमत अशी की सुकलेली पानं बघून माणूस आणखी पाणी घालतो. आधी बोट किंवा खुरपं मातीत घालून बघायची सवय असली की हा घोटाळा टळतो. निचरा नसेल तर कुंपणाच्या कडेने उताराच्या दिशेने चर काढा, आणि नवी लागवड करायची असेल तर उंचवट्यावर करा. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण भोवतालची माती चिकण असेल तर तो खड्डा पाणी साठवणारं भांडं होऊन बसतो.

पाणी द्यायचं ते खोल द्या आणि मोजक्या वेळा द्या. दिल्यानंतर वीतभर खाली ओल पोचली का ते खुरप्याने बघा. रोज शिंपडलेल्या पाण्याने मुळं वरच्या थरातच राहतात, आणि तापतो किंवा गोठतो तो आधी हाच थर. थंडीच्या आधीचं पाणी लोक विसरतात. ओलसर माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते, म्हणून गोठण्याच्या रात्रीआधी दुपारी आळं भरून घ्या, मात्र चिखल करू नका. मोरपंखी, जुनिपरसारख्या सदाहरित झाडांना तर हे पाणी हवंच. थंड वाऱ्यात त्यांच्या पानांतून पाणी उडतच असतं आणि जमीन गोठली असेल तर मुळांना ते भरून काढता येत नाही. वाऱ्याकडची बाजू तपकिरी पडते, तीही बऱ्याच आठवड्यांनी, त्यामुळे दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

आच्छादन म्हणून पाचोळा, लाकडाचा भुगा किंवा अर्धवट कुजलेलं कंपोस्ट, जे हाताशी असेल ते चालेल. थर दोन-तीन इंचांचा ठेवा आणि खोडापासून चार बोटं अंतर सोडा. खोडाला टेकलेल्या ओल्या थरात साल कुजते आणि उंदरांचीही सोय होते. उन्हाळ्यात हा थर ओल धरतो, हिवाळ्यात मुळांना सांभाळतो. त्याची एक उलट बाजूही आहे. थर जमिनीची ऊब आतच दाबून ठेवतो, त्यामुळे निरभ्र थंड रात्री त्याच्या वरची पानं उघड्या मातीवरच्या पानांपेक्षा जास्त गारठू शकतात. म्हणून अगदी बुटक्या, नाजूक झुडुपांभोवतीचा पाचोळा त्या रात्रीपुरता बाजूला सारला तरी चालतो.

वाऱ्यासाठी भिंत नको, जाळी हवी. भरीव आडोशाला धडकलेला वारा वरून उडी मारतो आणि पलीकडे गिरक्या घेत खाली आदळतो. निम्मा वारा आत सोडणारी जाळी किंवा विरळ कुंपण वाऱ्याचा जोर मोडतं आणि त्याचा परिणाम आडोशाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत जाणवतो. दोन भक्कम खांबांवर ताणलेलं शेडनेट किंवा गोणपाट पुरतं. ते झुडपाला चिकटवू नका, मध्ये जागा ठेवा, आणि वाऱ्याच्या दिशेला खांब खोल गाडा, कारण तुटून पडलेला आडोसा झुडपाचं जास्त नुकसान करतो. नव्या झाडाचा आधार बुटका असावा, उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाला बांधलेला. खोड थोडं हलतं तेव्हाच जाड आणि मजबूत होतं. खालचा भाग मात्र हलता कामा नये. बुंध्याशी मातीत फट पडलेली दिसली तर ती पायाने हळूच दाबून बुजवा.

बर्फ पडणाऱ्या जागी सरळ उभ्या वाढणाऱ्या सदाहरित झाडांना मऊ सुतळीचे सैल वेढे खालून वर घाला. समुद्राकडून येणारा वारा किंवा रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, यांपैकी काही बागेपर्यंत पोचत असेल तर गोड्या पाण्याने पानं आणि माती धुवायची सोय बघून ठेवा. गारपिटीसाठी जाळी तिरकी ताणा. सपाट जाळीत गारा साठतात आणि ती झुडपावर बसते.

कुंड्यांतल्या मुळांना जमिनीचा आधार नसतो, थंडी आणि ऊन चारी बाजूंनी लागतं, आणि मुळं तर फांद्यांपेक्षा थंडीला हळवी असतात. कुंड्या भिंतीशी एकत्र जमवा, बाहेरून गोणपाट गुंडाळा, भोकं मोकळी राहतील अशा विटांवर ठेवा. उन्हाळ्यात काळ्या कुंड्या आधी सावलीत न्या.

आता चादरीची पाळी. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच पारा झपाट्याने उतरतोय, अशी रात्र असेल तर झाकण्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. जमिनीची ऊब आकाशाकडे निघून जाते, ती अडवण्यासाठी चादर. डोक्याच्या उंचीवर तापमापक 3 अंश दाखवत असला तरी जमिनीलगत दव गोठू शकतं, तेव्हा शून्याची वाट बघू नका. सूर्य मावळायच्या आत झाका. कापड जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे आणि कडांवर दगड हवेत. खोडाभोवती गाठ मारून पोटली केली तर खालची ऊब आत शिरतच नाही. काठ्यांचा सांगाडा करून कापड पानांपासून वर ठेवा. प्लॅस्टिक पानांना टेकलं की टेकल्या जागी पान गोठतं, त्यामुळे प्लॅस्टिक वापरायचंच तर कापडाच्या वरून. सकाळी पारा शून्याच्या वर गेला की सगळं काढा. थंड वारा वाहत असेल तर चादरीचा उपयोग बराच कमी होतो, तिथे आडोसाच कामाला येतो.

उष्णतेच्या लाटेत हाच सांगाडा शेडनेटसाठी वापरा, विशेषतः पश्चिमेकडून. वरून आणि बाजूंनी हवा खेळती ठेवा. पाणी पहाटे द्या. दुपारी मान टाकलेलं झुडूप संध्याकाळी सावरत असेल तर काळजी नाही, सकाळीही मलूल असेल तर माती तपासा.

वादळ किंवा कडाका येऊन गेल्यावर कात्री लगेच हातात घेऊ नका. यादीतला हाच मुद्दा पाळायला सगळ्यात अवघड जातो. मोडलेल्या, लोंबणाऱ्या फांद्या काढा, बाकी करपलेलं तसंच ठेवा, कारण ते आतल्या फांद्यांना पुढच्या थंडीपासून झाकतं. मेलं की जिवंत ते नखाने साल खरवडून कळतं, आत हिरवं असेल तर थांबा. नवी पालवी फुटू लागली की हिरव्यापर्यंत मागे छाटा. मोरपंखी किंवा जुनिपर असेल तर हात आखडता घ्या. त्यांच्या जुन्या, पानं गेलेल्या तपकिरी लाकडातून सहसा पुन्हा फूट येत नाही. बर्फ झाडायचा तो झाडूने खालून वर, आणि फांदीवर पक्का गोठलेला असेल तर तो आपोआप वितळू द्या, गोठलेली फांदी काडकन मोडते. कललेलं छोटं झुडूप मुळं सुकायच्या आत उभं करून माती दाबा आणि आधार द्या. पाणी साचलेल्या भागात वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहीपर्यंत, पाय ठेवू नका. तुडवलेली ओली माती घट्ट होते आणि मुळांची हवा आणखी कोंडते. मार खाल्लेल्या झाडाला लगेच खत नको, नवी वाढ दिसली की थोडं द्या.

चादरी आणि गोणपाट वाळवून घडी घाला, नाहीतर बुरशी धरते. फांद्यांवरचे सुतळीचे वेढे त्याच फेरीत सोडा आणि आधाराच्या गाठी तपासून सैल करा. वाढत्या खोडात दोर रुतला की साल कापली जाते. नवं झाड स्वतःच्या मुळांवर घट्ट उभं राहिलं, म्हणजे साधारण वर्षभरात, की काठीही उपटून टाका.