रक्त पातळ करायची गोळी घेऊन पेशंट घरी आला की

मे २०२१. मी कोविड वॉर्डात सिस्टर, आणि मामा दुसऱ्याच दवाखान्यातून नुकते बरे होऊन, रक्त पातळ करायची गोळी घेऊन घरी आलेले. आठव्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांच्या डाव्या हातातली बशी कलली, चहा सदऱ्यावर सांडला आणि मामांना पत्ताच नाही. मामी म्हणाली, "अगं, कोरोनाचा अशक्तपणा आहे, झोपू दे त्यांना." मी म्हटलं, "मामा, दात दाखवा बघू." तोंडाची एकच बाजू हलली.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव निघाला. मामा वाचले, पण सदऱ्याची बटणं आजही मामीच लावते.

कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून दवाखान्यात पोटावर रक्त पातळ करणाऱ्या हिपॅरिनची इंजेक्शनं देतात आणि काहींना घरी जाताना त्याच कामाची रिव्हारॉक्साबॅनसारखी गोळी लिहून देतात. तिच्यावर असताना रक्तवाहिनी फुटली, तर रक्त लवकर थांबत नाही. तरी घाबरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. कोरोनातले पॅरालिसिसचे झटके बहुतेक गुठळीनेच येतात; रक्तस्राव त्यामानाने कमी, आणि तोही जास्त करून व्हेंटिलेटरवर, मोठ्या डोसवर असलेल्यांना. डिस्चार्जच्या वेळी एवढंच विचारा: ही गोळी कोणत्या तारखेला थांबवायची? ती तारीख कॅलेंडरवर लिहा.

बीपी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत मांडा. स्टेरॉइड चालू असेल तर बीपी आणि शुगर दोन्ही चढतात. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. ब्रुफेन, व्होव्हेरान या दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाय लटपटत असतात, म्हणून रात्री बाथरूमपर्यंत दिवा आणि सोबत माणूस ठेवा. डोकं आपटलं, तर वर खोक दिसो न दिसो, दवाखाना गाठायचा.

झटका ओळखायचा कसा? हसायला सांगा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावा आणि दहापर्यंत मोजा. एक हात खाली घसरतो का बघा. एक साधं वाक्य म्हणून घ्या. याशिवाय अचानक, कधी दुखलं नव्हतं असं डोकं दुखणं, उलट्या, फिट, तोल जाणं, हाक मारली तरी गुंगीतच राहणं, यातलं एकही पुरे. ऑक्सिजन किंवा शुगर उतरली तरी माणूस बरळतो, म्हणून दोन्ही मशीनं लावून बघा, पण ॲम्ब्युलन्सला फोन केल्यावर.

वॉर्डात हे जास्त अवघड होतं. झोपेच्या औषधावरचा पेशंट बोलणार कसा? आम्ही टॉर्चने डोळ्यांच्या बाहुल्या बघायचो. एक मोठी दिसली की सिलिंडरसकट सीटीकडे पळायचो, पीपीई किटमध्ये, काच धुरकटलेली. शुद्धीत असलेल्यांचं मात्र घरच्यांना आमच्याआधी कळायचं. एक मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "सिस्टर, बाबा आज एका बाजूनेच हसले." मी तासाभरापूर्वी त्यांचं तापमान घेऊन गेले होते. मला दिसलं नव्हतं.

शंका आली की १०८ लावा. शेवटचं धड कधी बोलले-चालले, ती वेळ लिहा. कवळी काढा, कुशीवर झोपवा. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनळीत जातं. ॲस्पिरिन तर मुळीच नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे घरी कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढेल. आमच्याकडे शेजारचे काका गोळी घेऊन आलेच होते, त्यांच्यामागे कुणीतरी कांदा हुंगवायला. दोघांनाही दारातूनच परत पाठवलं.

जवळचा फॅमिली डॉक्टर नाही, चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेला दवाखाना गाठा. पोचल्यावर पहिलं वाक्य हे: "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, शेवटची अमुक वाजता घेतली." त्या औषधाचा परिणाम उलटवायचे उपाय असतात, पण कोणती गोळी आणि कधी घेतली, हे कळल्याशिवाय डॉक्टर काय देणार? मामीने घाईत पिशवी उचलली ती जुन्या शुगरच्या गोळ्यांची. डिस्चार्ज कार्ड टीव्हीखाली राहिलं होतं. मामेभावाने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवेपर्यंत वीस मिनिटं गेली.