गॅसचा बार्बेक्यू: आधी जागा, मग सिलिंडर, शेवटी ग्रिल

दुकानात ग्रिल बघताना हात आधी झाकणाकडे जातो. चकचकीत झाकण, त्यावर काट्याचं थर्मामीटर, खाली ओळीने चार नॉब. याला सिलिंडर कोणता लागेल आणि तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न खोकं घरी येऊन उघडल्यावर पडतो. म्हणून खरेदी उलट्या टोकाने करावी. जागा मोजा, सिलिंडर ठरवा आणि या दोघांना जमेल तेच ग्रिल घ्या.

जागा

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो आणि खोलगट जागेत साचून राहतो. त्यामुळे काचा लावून बंद केलेली बाल्कनी बाद, तळघर बाद, इमारतीखालचं पार्किंगही बाद. तिन्ही बाजूंनी भरीव कठडा असलेली छोटी गच्चीसुद्धा या हिशेबात एक हौदच. कठड्याला खालपासून गज असतील तर हवा खेळती राहते. पाणी जायच्या मोरीजवळ सिलिंडर ठेवू नका, गळलेला गॅस थेट ड्रेनेजच्या पाइपात उतरतो. आणि पाऊस आला म्हणून ग्रिल घरात ओढून पेटवायचं नाही. तिथे गळतीबरोबर कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो, आणि त्याला वास नसतो.

झाकण असलेल्या ग्रिलची गरम हवा मागच्या फटीतून बाहेर पडते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. समोर उभं राहणाऱ्याला ती जाणवत नाही, मागच्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडकीची चौकट मात्र वाकते. मागे आणि दोन्ही बाजूंना किमान ६० सेंटिमीटर मोकळे ठेवा. पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढे. वर प्लास्टिकचा पत्रा नको, शेजारी कपड्यांची दोरी नको. फ्लॅटमध्ये सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी; ती आधी वितळते, मग पेटते. सोसायटीच्या गच्चीवर ग्रिल लावायचं असेल तर कमिटीची परवानगी खरेदीआधी घ्या.

फरशीचा उतारही बघा. ग्रिलमधलं तेल उताराने ट्रेमध्ये जावं अशी त्याची रचना असते. ग्रिलच तिरकं उभं राहिलं तर तेल एका कोपऱ्यात साचतं आणि पाचव्या-सहाव्या वेळेला तिथूनच आग लागते.

सिलिंडर

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर सगळ्यात सोयीचा. दोन सिलिंडरांचं कनेक्शन असेल तर दुसरा इथे वापरता येतो. भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा होतो आणि उंची ६० सेंटिमीटरच्या वर असते. परदेशी धाटणीच्या ग्रिलखालचं कपाट तिकडच्या बुटक्या सिलिंडरसाठी बनवलेलं असतं, त्यात आपला मावत नाही. मग कपाटाचा तळ कापून सिलिंडर आत कोंबायचे प्रकार होतात. ते करू नका. तो बाहेर, बाजूला, उभाच ठेवा.

जागा कमी असेल तर ५ किलोचा. वितरकाकडे तो नव्या कनेक्शनशिवाय, ओळखपत्र दाखवून मिळतो; इंडेनचा ‘छोटू’, एचपीचा ‘अप्पू’ ही त्याचीच नावं. घरचा रेग्युलेटर त्याला बसेलच असं धरून चालू नका, वितरकाकडेच बसवून बघा.

आता हिशेब. एक किलो एलपीजीतून साधारण १२.८ किलोवॅट-तास उष्णता मिळते. तीन-तीन किलोवॅटचे तीन बर्नर म्हणजे ९ किलोवॅट, म्हणजे पूर्ण आचेवर ताशी ७०० ग्रॅम गॅस. मोठा सिलिंडर २० तास चालेल, छोटा जेमतेम सात. जाहिरातीत आकडा बीटीयूमध्ये असेल तर ३,४१२ ने भागा, किलोवॅट मिळतील.

प्रत्यक्षात छोटा सिलिंडर सात तास नीट चालत नाही. आतल्या द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते आणि ती सिलिंडरच्या पत्र्यातूनच येते. सिलिंडर लहान, ओढ मोठी, की तो थंड पडतो, बाहेरून घाम फुटतो आणि दाब उतरतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्री हे हमखास घडतं. त्यात मिश्रणातला प्रोपेन आधी निघून जातो आणि शून्याच्या आसपास उकळणारा ब्युटेन मागे उरतो, म्हणून संपत आलेला सिलिंडर आणखी मंद जळतो. यावर सिलिंडर आडवा करण्याचा जो घरगुती उपाय आहे तो इथे अजिबात नको. आडव्या सिलिंडरमधून द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत एकदम हातभर उठते. दोन बर्नरांपर्यंत ५ किलो ठीक, त्यापुढे मोठाच घ्या.

मुंबई-पुण्यात पाइपचा गॅस असेल तर हे सगळं टळतं, पण वेगळी अट येते. त्याचा दाब साधारण २१ मिलिबार, आणि एका घनमीटरमागे उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून जेटचं, म्हणजे गॅस बर्नरमध्ये सोडणाऱ्या बारीक तोंडाचं, भोक मोठं लागतं. एलपीजीचं ग्रिल तसंच जोडलं तर ज्योत मरतुकडी. उलट पाइपगॅसचे जेट एलपीजीला लावले तर भडका. जेट बदलणं आणि बाहेर जोड काढणं, दोन्ही कामं गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

ग्रिल निवडताना

दाब जुळतो का, हे पहिलं. आपला घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबार देतो. ग्रिलच्या मागे किंवा कपाटाच्या दारात पट्टी असते, तिच्यावर ३० मिलिबार लिहिलेलं हवं. अमेरिकेतून परतताना सामानाबरोबर आणलेलं प्रोपेनचं ग्रिल ११ इंच जलस्तंभावर, म्हणजे साधारण २७-२८ मिलिबारवर चालतं. त्याचा रेग्युलेटर आपल्या व्हॉल्व्हला बसत नाही, पण आपला रेग्युलेटर आणि योग्य जोड लावून ते वापरता येतं. जर्मनीतलं ५० मिलिबारचं ग्रिल मात्र जेट न बदलता इथे मंदच जळेल. म्हणून केटररच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर लावायचा मोह होतो. घरच्या ग्रिलला तो कधीही लावायचा नाही.

बर्नर किमान दोन, वेगवेगळ्या नॉबचे. एकाच बर्नरवर सगळं जळतं तरी किंवा कच्चं राहतं तरी. दोन असले की एक बाजू तापती, एक बंद ठेवता येते, आणि बार्बेक्यूतलं निम्मं कौशल्य यातच आहे. चार-सहा माणसांना ४५ बाय ४० सेंटिमीटरची जाळी पुरते. बाजूच्या जादा शेगडीचे पैसे देऊ नका, ती स्वयंपाकघरात आहेच.

जाळी बिडाची असेल तर उष्णता धरते आणि माशाला छान पट्टे उठतात, पण कोरडी-तेलकट ठेवावी लागते. इनॅमलची जाळी कपची उडेपर्यंत चांगली. स्टीलची घेतलीत तर सळई निदान ६ ते ८ मिलिमीटर जाड बघा, बारीक तारेची वर्षभरात वाकते.

स्टीलची प्रत ओळखायला खिशात चुंबक न्या. घट्ट चिकटलं तर ते बहुधा ४३० प्रतीचं; ३०४ ला चुंबक चिकटत नाही किंवा अगदी हलकं धरतं. पुण्यात ४३० चालून जातं. रत्नागिरी, अलिबाग, पणजीच्या खाऱ्या हवेत मात्र निदान बर्नर तरी ३०४ चे हवेत. तिथे त्यावरही तपकिरी डाग पडतात, पण ते पुसून जातात, भोकं पडत नाहीत.

बर्नरवर तिरक्या पत्र्याच्या पट्ट्या आहेत ना, तेही बघून घ्या. तेल बर्नरवर न पडता त्यांच्यावर पडतं आणि त्याचा धूर होतो. ‘गॅसवर कोळशाची चव येत नाही’ ही तक्रार निम्मी खरी आहे, कारण त्या चवीतला मोठा वाटा या जळणाऱ्या चरबीचा असतो. उरलेल्यासाठी वाटीत निखारा ठेवून त्यावर तुपाची धुंगार. पट्ट्यांऐवजी लाव्हाचे दगड असलेलं ग्रिल नको. दगड तेल पितात आणि नंतर भडकतात.

जोडणी

नळी आयएस ९५७३ या भारतीय मानकाची खूण असलेली, आतून तारेची, केशरी ‘सुरक्षा’ नळी. लांबी दीड मीटरच्या आत, मध्ये जोड नाही. छापलेली तारीख बघा, पाच वर्षांनी बदलायची. ती तेलाच्या ट्रेखालून किंवा ग्रिलच्या पाठीमागून जाऊ देऊ नका. दोन्ही टोकं नोजलवर पूर्ण चढवून क्लिपा आवळा. ग्रिलकडचा जोड पेचाचा आणि आत शंकूसारखा निमुळता असेल तर त्याला टेफ्लॉन टेप लावायची नाही. तिथे धातूवर धातू घट्ट बसतो. टेप मध्ये आली की तोच जोड गळतो.

सिलिंडरची टोपी काढा आणि व्हॉल्व्हच्या आत काळी रबरी रिंग आहे का बघा. गळतीचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ही रिंग चिरलेली किंवा गायब असणं. रिंग नीट नसेल तर सिलिंडर परत करा. मग रेग्युलेटरची खालची काळी कडी वर उचलून तो व्हॉल्व्हवर सरळ दाबा आणि कडी सोडा. खट् आवाज यायला हवा. हलवून बघा, निघता कामा नये.

गळती तपासताना अर्धा कप पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड मिसळा. ग्रिलचे सगळे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि हे पाणी ब्रशने रेग्युलेटरच्या बुडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि नॉबमागच्या जोडांवर लावा. मिनिटभर थांबा. बुडबुडे वाढत गेले तर गळती आहे. बंद करा, जोड सोडून पुन्हा बसवा, पुन्हा तपासा. काडी ओढून तपासायचं नाही, हे अजून सांगावं लागतं. वास येतच राहिला तर विजेच्या कुठल्याही बटणाला हात न लावता लांब जाऊन १९०६ ला फोन करा.

पहिली आच

पेटवताना झाकण नेहमी उघडं. बंद झाकणाखाली गॅस साचून मग ठिणगी पडली तर झाकण उडतं. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद, पाच मिनिटं थांबा, मग पुन्हा. ज्योत निळी, टोकाला जेमतेम पिवळसर असावी.

नव्या ग्रिलवर पहिल्या दिवशी काही भाजू नका. जाळ्या साबणाने धुवा, बसवा, सगळे बर्नर मोठे करून झाकण लावून २०-३० मिनिटं तापवा. कारखान्यातलं तेल जळताना घाण वास येतो, तो जाऊ द्या. बिडाची जाळी कोमट झाली की तेलाचा पातळ हात फिरवा. जास्त तेल लावलं तर ते चिकट राळ होऊन बसतं.

भाजण्याआधी दरवेळी दहा-पंधरा मिनिटं तापवायचं. पनीर, कोळंबी, कणीस आणि भरताचं वांगं थेट आचेवर. हाडासकट कोंबडीची तंगडी मात्र बंद बर्नरच्या बाजूला, झाकण लावून, १८० ते २०० अंशांवर ३५-४० मिनिटं, आणि शेवटची पाच मिनिटं आचेवर. आतलं तापमान ७४ अंश झालं की शिजली. दह्याचं मसालेदार वाटण निथळून, जादाचं पुसूनच जाळीवर ठेवा, नाहीतर मसाला जाळीला आणि मांस कच्चं. बांगडा चिकटतो तो जाळी पुरेशी तापलेली नसल्यामुळे. तापलेल्या जाळीवरून तो तीन-चार मिनिटांत आपोआप सुटतो, आधी उलटायला गेलात तर कातडी तिथेच राहते. अख्ख्या जाळीवर फॉइल अंथरू नका. हवा कोंडते आणि उष्णता खाली नॉबपर्यंत उतरते.

थेंबाथेंबाने ज्वाळा उठल्या तर पदार्थ बंद बाजूला सरकवा. ट्रेमधलं तेलच पेटलं तर सगळे नॉब बंद, पोहोचता आलं तर रेग्युलेटर बंद, झाकण लावलेलं ठेवा. पाणी कधीच नाही. बाजूला वाळूची बादली किंवा एबीसी पावडरचं छोटं अग्निशामक असू द्या.

आच कमी पडली तर

आधी रेग्युलेटर पूर्ण बसलाय का, नळी पिळली आहे का ते बघा. मग बर्नर बाहेर काढून त्याच्या नळीत डोकवा. ग्रिल महिना-दोन महिने बंद राहिलं की कोळी जाळं करतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. मग गॅस पुढे न जाता मागे नॉबकडे जळायला लागतो, हा बिघाड खरोखर धोक्याचा आहे. बाटली धुवायच्या ब्रशने नळी साफ करा. ज्योतीची भोकं टूथपिकने मोकळी करा. जेटचं भोक मात्र सुईने कोरू नका, ते मोठं झालं की परत लहान होत नाही. ठिणगी पडत नसेल तर बहुतेक वेळा कारण दमट हवा किंवा संपलेला पेन्सिल सेल. लांब दांड्याचा लायटर जवळ ठेवा.

जाळी गरम असतानाच नारळाच्या शेंडीने चिमट्यात धरून घासा. तारेच्या ब्रशची तार निघून जाळीत अडकते आणि तिथून घशात जाते.

जूनआधी जाळ्या तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळा, बर्नर काढून घरात ठेवा, ट्रे पुसून कोरडा करा. तेलकट ट्रेवर उंदीर येतात आणि जाताना नळी कुरतडतात. वरून आच्छादन घालून चार महिने विसरू नका. आत घाम धरून उघड्यापेक्षा लवकर गंज चढतो. ऊन पडलं की काढून वाळवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा जोडताना नळी बोटांनी वाकवून चिरा बघा, बर्नरच्या नळीत डोकवा आणि साबणाचं पाणी पुन्हा एकदा सगळ्या जोडांवर फिरवा.